चावडीला आलेली धार

शार्पनिंग चाळीसच्या वर न्यायचं नाही. बारामतीत भिगवण चौकाच्या अलीकडे माझा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर मी हे मार्करनं लिहून चिकटवलंय, आणि तरी माझा एडिटर विशाल ते रोज मोडतो. त्याचं म्हणणं, फोटो कडक दिसला पाहिजे. नवरीची पापणी न् पापणी वेगळी दिसली पाहिजे. अरे बाबा, लग्नाचा फोटो आहे की पोलिसांचा पंचनामा?

आता नवरीचं एक वेळ खपून जातं. पण मला खरा नाद जुन्या इमारतींचा. लग्नसराई संपली की मी, माझा ट्रायपॉड आणि दगडी देवळं, बारवा, वेशी, कॅनॉलवरचे साहेबांच्या काळातले बंगले. जुन्या दगडाची कड झिजून गोलसर झालेली असते. तिच्यावर शार्पनिंगचा मारा केला की कडेनं पांढरी रेघ उमटते, खडूनं गिरवल्यासारखी. सपाट दगडावर बारीक वळवळ दिसायला लागते. आम्ही तिला 'किडे' म्हणतो. म्हणजे दगडावर जे नाहीच ते फोटोत दिसायला लागतं. शंभर-दीडशे वर्षं ऊन-वारा खाल्लेली भिंत काल घडवल्यासारखी दाखवणं हा शुद्ध खोटेपणा आहे, आणि त्यावरून मी भल्याभल्यांशी भांडलोय.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात पहिला संशय मी विशालवर घेतला.

माझी सासुरवाडी उजनीच्या पाण्यात गेली. भिगवणच्या पुढं, इंदापूरच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की उद्याच चार टाळकी ड्रोन घेऊन हजर होतील. धरण झालं तेव्हा गाव उठलं आणि वरच्या माळावर नवं गाव वसलं. माझी बायको राजेश्वरी तेव्हा चार वर्षांची होती. जुन्या गावातली मातीची घरं पाण्यात विरघळून गेली. राहिली फक्त दगडी चावडी. वर्षातले आठ-नऊ महिने ती पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येते. अखितीनंतरच्या रविवारी नव्या गावातली माणसं तिथं जमतात, पायरीवर नैवेद्य ठेवतात आणि चावडीच्या पायऱ्यांवर उभं राहून सगळ्यांचा मिळून एक फोटो काढून घेतात. घरात लेकरू जन्मलं असेल तर त्याला त्या वर्षी सगळ्यांत खालच्या पायरीवर बसवायचं. 'पायरी दाखवायची' म्हणतात त्याला. लेकीचं लेकरू असलं तरी आणतात.

हा फोटो आधी माझे मामा काढायचे. आप्पा. स्टुडिओ त्यांचाच. राजेश्वरीला मी पहिल्यांदा बघितलं ते त्यांच्या डार्करूममध्ये, पाण्यात बुडवलेल्या कागदावर हळूहळू उमटताना. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी, कपाळावर आठी. म्हटलं, जमलं तर हीच. आप्पा गेल्यापासून एकोणीस वर्षं फोटो मी काढतोय. मी गावचा जावई आणि वर फोटोग्राफर, त्यामुळं त्या पायऱ्यांवर मी कधी उभा राहिलेलो नाही.

यंदा गाव उठल्याला पन्नास वर्षं झाली. मोहनराव म्हणून निवृत्त मास्तर आहेत, गावाची सगळी कामं तेच अंगावर घेतात. त्यांनी मार्चमध्ये फोन केला. "जावईबापू, स्मरणिका काढायची. जुनेनवे सगळे फोटो पाहिजेत. आणि चावडीचा एक फक्कड फोटो."

म्हणून मी गेल्या वर्षीचा फोटो मोठा करून स्क्रीनवर घेतला, आणि माझं डोकं सटकलं.

"विशाल, इकडं ये. चावडीला किती मारलंस?"

"चाळीस, काका."

"खोटं बोलू नको. दाराची चौकट बघ. ही पांढरी कड कुठनं आली? आणि भिंतीवर हे किडे?"

तो खुर्ची ओढून बसला. चावडीचा दगड न् दगड सुटा दिसत होता. दारावरच्या कोरीव फुलाच्या पाकळ्या तर अशा की बोट लावलं तर टोचेल. आणि त्याच्यापुढं दोन फुटांवर उभी असलेली माणसं मात्र मऊ. हललेली नव्हती, फोकसबाहेर नव्हती. नाक, डोळे, पदर सगळं जागच्या जागी होतं, फक्त त्यावरचं बारीकसारीक पुसल्यासारखं.

"आणि माणसांच्या तोंडावरनं काय इस्त्री फिरवलीस?"

विशालचं तोंड उतरलं. नऊ वर्षं माझ्याकडं काम करतो तो, दोन लेकरांचा बाप आहे, आणि माझी बोलणी हसून घेतो. त्या दिवशी हसला नाही. त्यानं कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाईल उघडली. शार्पनिंग शून्य. चावडी तशीच. माणसं तशीच.

माझा विश्वास बसला नाही. म्हटलं, यानं काहीतरी गडबड केलीय आणि आता झाकतोय. मी कॅमेऱ्याची जुनी कार्डं पुसत नाही, वर्ष लिहून कपाटात ठेवतो. घरी जाऊन गेल्या वर्षीचं कार्ड काढलं, तिथंच लावून बघितलं. तेच.

मग लेन्सवर संशय. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासली. लेन्स ठणठणीत. मग स्वतःच्या डोळ्यांवर. डॉक्टर म्हणाले, नंबर तोच आहे, मोतीबिंदूला अजून वेळ आहे. विशालशी मी चार दिवस धड बोललो नव्हतो. पाचव्या दिवशी त्याला भेळ आणून दिली. तेवढ्यावर त्यानं सोडून दिलं.

मग दोघांनी मिळून आप्पांच्या निगेटिव्ह काढल्या. एकोणनव्वद सालापासूनच्या होत्या. एकेक स्कॅन करून, त्यापुढं माझे फोटो जोडून ओळीनं लावत गेलो.

एकोणनव्वदची चावडी अगदी असावी तशी होती. गाळ बसलेला, कडा झिजून गोल झालेल्या, दारावरचं फूल म्हणजे नुसता एक उंचवटा. माणसं मात्र एकदम स्वच्छ. बनाबाई म्हणून राजेश्वरीची चुलती आहे. तिच्या हनुवटीवरचं गोंदण, तीन ठिपके आणि खाली चंद्रकोर, स्पष्ट दिसत होतं. शहाण्णवला फुलाला पाकळ्या असाव्यात असं वाटू लागलं. दोन हजार चारला पाकळ्या मोजून आठ. बारा साली छिन्नीचे घाव दिसायला लागले. ज्या दगडानं पन्नास वर्षं पाणी खाल्लं, तो दर वर्षी जास्त झिजायला पाहिजे. हा उलटा चालला होता.

आणि बनाबाईची हनुवटी वर्षावर्षाला साफ होत गेली होती. शेवटच्या फोटोत ठिपका नव्हता.

"काका," विशाल म्हणाला, "आप्पांच्या काळात तर शार्पनिंगच नव्हतं."

मी त्याला गप्प बस म्हणालो. उगीच. त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी नव्या गावाला गेलो. स्मरणिकेसाठी म्हाताऱ्या माणसांचे फोटो घ्यायचेत, असं निमित्त केलं. बनाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला बघून पदर सावरला.

"या जावईबापू. रंगू, च्या टाक गं."

रंगूबाई तिची सून. पन्नाशीची, कोऱ्हाळ्याहून लग्न होऊन आलेली. मी कॅमेरा लावला, बनाबाईचं तोंड उजेडाकडं करायला सांगितलं आणि जवळून बघितलं. कातडी सुरकुतलेली होती. गोंदणाचा मागमूस नव्हता. हिरवा डाग नाही, सावली नाही.

"चुलतीबाई, तुमच्या हनुवटीला गोंदण होतं ना?"

ती हसली. "व्हतं की. गेलं."

"गोंदण कसं जाईल?"

"म्हातारपणी समदंच जातंय. आमची सासू म्हनायची, मेल्यावर दागिनं हितं ऱ्हात्यात, गोंदण तेवढं संगं येतं. आता माझ्यासंगं कायबी येत न्हाय बघा." आणि परत शेंगा फोडायला लागली.

रंगूबाई चहा घेऊन आली. म्हणाली, "अंगठाबी उठत न्हाय त्यांचा, दाजी. रेशनला गेलं की मशीन घेतच न्हाय. ह्या गावात कुणाचाच उठत न्हाय. मशीन बिघडलं म्हनत्यात."

"तुमचा?"

"माझा उठतोय की. एका झटक्यात."

मी चहाची बशी खाली ठेवली. "रंगूबाई, चावडीपुढच्या फोटोत तुम्ही कुठल्या रांगेत असता?"

"मी कशाला? त्या दिवशी समद्यांचा सैपाक कोन करनार? मी हितंच आसती."

बनाबाई मध्येच बोलली, शेंगेवरची नजर न काढता. "गाव उठायच्या टायमाला समद्यांचं अंगठं त्या चावडीतच घेतलं. दिवसभर रांग व्हती. शाई संपली तर साहेबानं काजळ मागून घेतलं." मी कॅमेरा आवरला. त्यांचा निरोप घेऊन निघालो.

भिगवणपर्यंत मी गाडी कशी चालवली आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण डोक्यात एकच. राजेश्वरी चार वर्षांची असल्यापासून त्या पायऱ्यांवर उभी राहतेय.

घरी आलो तर ती खूष होऊन बसलेली. आमची मुलगी प्रतीक्षा पुण्यात असते, तिचा फोन आला होता. आठ महिन्यांची छकुली घेऊन ती अखितीला येणार होती.

"यंदा आपल्या छकुलीला पायरी दाखवायची," राजेश्वरी म्हणाली. "मी फ्रॉकसुद्धा बघून ठेवलाय."

मी निगेटिव्ह बघायचं भिंग काढलं आणि तिचा हात मागितला.

"आता काय, भविष्य सांगताय?"

तिचा अंगठा भिंगाखाली धरला. नंतर बाकीची बोटं. ती भांडी घासते म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. पण दोन्ही हातांची दहाच्या दहा बोटं? तळव्यावर तीन मोठ्या रेघा असतात ना, त्यातली एक उरली होती, तीही अर्धी. मी आजवर या हाताकडं कधी नीट बघितलंच नव्हतं. चौतीस वर्षं संसार करून. मला माझीच लाज वाटली, आणि भीतीही वाटली. खरी भीती.

मी तिला सगळं सांगितलं. फोटो, गोंदण, रंगूबाई. म्हटलं, छकुलीला तिथं न्यायचं नाही, आणि तूही जायचं नाहीस.

ती आधी हसली. मग तिला कळलं, मी चेष्टा करत नाहीये.

"तुमचं डोकं फिरलंय. फोटो बघून बघून फिरलंय. माझं माहेर म्हणून एवढा एकच दगड राहिलाय. दुसऱ्यांची लेकरं तिथं बसतात आणि माझी नात बसणार नाही? का? तर हिच्या आजोबाला भिंत शार्प दिसते!"

"राजू, ऐक माझं—"

"काही ऐकायचं नाही. तुमी नका काढू फोटो. विशाल काढील."

चिडली की ती माहेरचं बोलते. मी त्या दिवशी विषय सोडला, पण मनातून नाही. नातीचं बोट त्या दगडाला लागू द्यायचं नाही, एवढं ठरवून टाकलं.

रविवारच्या आठ दिवस आधी एकटाच गेलो. चावडीचा फोटो स्मरणिकेला पाहिजेच होता. पाणी बरंच मागं गेलं होतं. दुपारचं ऊन, वाळलेल्या गाळाच्या खपल्या, लांब पाण्याच्या कडेला बगळे. जुन्या गावात पायाखाली सगळा गाळच. घरांची जोती, रांजणाचे तुकडे, बाभळीचे काळे बुंधे, सगळ्यावर चिखलाचा थर. चावडीवर मात्र काहीच नाही. ती काळीभोर, स्वच्छ. पायऱ्यांच्या कोपऱ्यातसुद्धा माती नव्हती.

मी चौकटीच्या दगडावरून बोट फिरवलं. चटका बसला म्हणून मागं घेतलं, बघतो तर रक्त. ब्लेडनं कापावं तसं कापलं होतं.

मग भिंतीचा सपाट भाग बघितला. फोटोत ज्याला मी किडे म्हणालो होतो, ते तिथं होते. दगडावर. बारीक, एकमेकीला लागून जाणाऱ्या वळणदार रेघा, मध्ये भोवऱ्यासारख्या फिरलेल्या. एक भोवरा, त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. प्रत्येक रुपयाच्या नाण्याएवढा. दगडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दाराच्या उजव्या अंगाला, माझ्या छातीच्या उंचीवर, तीन ठिपके होते आणि खाली चंद्रकोर.

"लई जवळ जाऊ नगा."

मी दचकलो. सावळाराम होता, नव्या गावातलाच, मासे धरतो. होडीचं वल्हं खांद्यावर घेऊन लांब, गाळातच उभा होता.

"का हो?"

"कापतंय ते. ही पान्याखाली आसती तवा आमी हिकडं जाळं टाकत न्हाय. दोन सालाखाली नवीन जाळं टाकलं, वर काढलं तर सरळ उभं फाटलेलं. कातरीनं कापल्यावानी."

"मग रविवारी येता ना सगळे? पायरीवर उभे राहता?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग चावडीकडं. "गावचं हाय. यावं लागतंय," म्हणाला आणि पाण्याकडं चालायला लागला. जाताना चावडीला वळसा घालून, लांबून गेला.

रविवारी मी सकाळपासून तयारी करून होतो. प्रतीक्षा गाडीतून उतरली तशी मी छकुलीला उचलून घेतलं आणि जाहीर केलं, पोरीचं अंग तापलंय, उन्हात बसवायची नाही. प्रतीक्षानं हात लावून बघितला. माझ्याकडं बघितलं. ती पुण्यात कंपनीत काम करते, तिला या पायरीचं फारसं काही नव्हतं. "असू दे आई, पुढच्या वर्षी," म्हणाली.

राजेश्वरीनं पिशवीची गाठ आवळली. नवा फ्रॉक पिशवीत तसाच राहिला.

मी प्रतीक्षाला म्हणालो, ट्रायपॉड धर, कॅमेरा पडतोय. ती तिथंच थांबली. दोघींना वाचवलं, असं मनात म्हटलं. राजेश्वरीला थांबवायला गेलो, तिनं माझा हात झटकला आणि जाऊन दुसऱ्या रांगेत उभी राहिली. बनाबाईला दोघांनी धरून आणलं. मोहनराव पांढरी टोपी नीट करत मधोमध उभे राहिले. त्यांच्या पाठीमागं ती काळी भिंत.

डाव्या हातावर छकुली आणि उजव्या हातानं मी क्लिक केलं. तीन वेळा. 

पायरीवर तीन लेकरं बसवली होती. आमची नव्हती. त्या लेकरांच्या आयांना मी काय सांगणार होतो? सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. हे माझ्या मनाला अजून खातंय.

तो फोटो मी उघडूनसुद्धा बघितला नाही. कार्ड विशालकडं दिलं. म्हटलं, तू बघ, मोहनरावांना पाठवून दे, मला विचारू नको.

"शार्पनिंग?"

"शून्य."

मग जून गेला, जुलै गेला. लग्नं संपली. पाणी चढलं, चावडी बुडाली. एक दिवस भिगवणच्या पुलावरून जाताना बघितलं, तिथं नुसतं सपाट पाणी होतं. मला हायसं वाटलं. राजेश्वरीचा रुसवाही निघाला. पंचमीला प्रतीक्षा माहेरी आली, छकुली रांगायला लागली होती.

पंचमीच्या दिवशीच मोहनरावांनी स्मरणिकेचे गठ्ठे स्टुडिओत पाठवले. विशालनं दोरी कापली, पहिली प्रत माझ्या हातात दिली. छपाई चांगली होती. मधल्या दोन पानांवर यंदाचा फोटो पसरलेला.

खालच्या पायरीवर चार लेकरं होती.

चौथी छकुली.

नवा फ्रॉक घातलेली. एक हात पायरीवर टेकलेला.

"हे काय आहे, विशाल?"

"काकूंचा आग्रह होता, काका." तो खूष होता, शाबासकी मिळेल अशा तोंडानं उभा. "पुण्याला गेल्या होत्या तेव्हा त्यांनी फ्रॉकमधला फोटो मोबाइलवर काढून पाठवला. आपण नाही का, लग्नाला न आलेली माणसं फोटोत बसवतो, तसंच. तुम्हाला सरप्राइज म्हणाल्या. कड बघा तिची, कुठं कळतंय तरी?"

कळत नव्हतं. फार सफाईनं केलं होतं. मीच शिकवलंय त्याला.

मी मोहनरावांना फोन लावला. म्हटलं, प्रती वाटू नका.

"वाटून झाल्या की! आणि मोठी फ्रेम तर विशालनी जूनमध्येच दिली. पाणी चढायच्या आधी आम्ही ती चावडीत नेऊन आतल्या कोनाड्यात बसवली. सिमेंटनं पक्की. पन्नास वर्षांचा मान आहे, जावईबापू."

मी घरी आलो. स्वयंपाकघरात पंचमीची दिंडं चालली होती. प्रतीक्षा ओट्याशी, राजेश्वरी खाली परात घेऊन, आणि छकुली परातीपाशी. तिनं दोन्ही हात कणकेच्या पिठात घातले होते. मला बघून हसली, रांगत फ्रिजपाशी गेली, त्याला धरून उभी राहिली.

फ्रिजच्या दाराला काळी काच आहे. तिच्यावर पिठाचे दोन हात उमटले.

मी खाली बसलो. चष्मा पुसला. जवळून बघितलं.

पाच बोटं होती, तळवा होता. बोटांची पेरं पडतात तिथं घडीसुद्धा नव्हती. दोन्ही ठसे एका रंगाचे, कोरे, कुठंही एक रेघ नाही.

मी छकुलीला जवळ ओढलं. तिची मूठ उघडायला गेलो, तेवढ्यात राजेश्वरीनं तिला माझ्या हातातून घेतलं आणि पदरानं तिचे हात पुसले.

"बघा की," ती कौतुकानं म्हणाली आणि तो तळवा आपल्या गालावरून फिरवला. "किती गुळगुळीत झालेत हो हात हिचे."